अडुळसा, गुळवेल, माका: घरची औषधी झाडं लावणं, ओळखणं आणि वापरणं

पहिल्या वर्षी पाचच झाडं लावावीत: तुळस, अडुळसा, गवती चहा, पानओवा आणि गुळवेल. यादी मुद्दाम छोटी ठेवली आहे. नर्सरीतून एकदम पंचवीस रोपं आणली की दोन महिन्यांत त्यांच्या पाट्या हरवतात आणि कुठलं पान कशाचं तेच कळेनासं होतं. औषधी झाडांच्या बाबतीत हे चालत नाही. ही पाचही झाडं कोकणापासून विदर्भापर्यंत तग धरतात, आणि गुळवेल सोडली तर भलतंच झाड घरात येण्याचा धोका कमी. गुळवेलीचं पुढे सविस्तर येईल.

माती, कुंडी, पाणी

तुळस आणि पानओव्याला 10 इंची कुंडी पुरते, गवती चहाला आणि गुळवेलीला 12 इंची. अडुळसा हे खरं तर कुंपणाचं झुडूप आहे. जमीन असेल तर जमिनीतच लावावा, नाहीतर 16 इंची कुंडी द्यावी. मातीसाठी दोन घमेली लाल किंवा पोयट्याची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, अर्धं घमेलं भाताचं तूस किंवा जाड वाळू आणि दोन मुठी कडुनिंबाची पेंड एकत्र करावी. शेतातली काळी माती कुंडीत एकटी वापरू नये. उन्हाळ्यात ती आक्रसून कुंडीची कड सोडते, मग घातलेलं पाणी कडेनं खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. पावसाळ्यात तिचाच चिखल होऊन मुळं कुजतात. शेणखत हाताला गरम लागलं किंवा त्याला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. ते घातलं की रोप आठवड्यात करपतं.

पाणी वेळापत्रकानं घालायचं नाही. बोटाचं एक पेर मातीत घालून बघायचं, माती कोरडी लागली तरच पाणी. पानओवा तर दोन पेरं कोरडी झाल्यावरच पाणी मागतो. त्याचं खोड खालून काळं आणि मऊ पडलं, तर वरचा निरोगी शेंडा तोडून कोरड्याशा मातीत नव्यानं खोचावा. खालचं वाचत नाही.

तुळशीला रोज पाच-सहा तास ऊन हवं. मंजिऱ्या आल्या की दर आठवड्याला खुडाव्यात. बी धरू दिलं की झाड आपली ताकद बियांकडे वळवतं, पानं बारीक होतात आणि खोड लाकडी पडतं. वृंदावनातली तुळस बहुतेकदा भक्तीपोटीच मरते. रोजचं तांब्याभर पाणी, मातीत हळद-कुंकू, कधी दूध, आणि खोडाला खेटून ठेवलेला दिवा हे सगळं तिला सोसत नाही. पूजेची तुळस आणि औषधाची तुळस वेगळ्या ठेवल्या तर दोन्ही गोष्टी नीट होतात.

गवती चहा ठोंबापासून लावतात. जूनमध्ये जुन्या ठोंबाचे फुटवे मुळांसकट सुटे करायचे, पाती वीतभर ठेवून वरून कापायची आणि दोन-तीन फुटवे एकत्र, पांढरा भाग मातीत जाईल इतके खोल लावायचे. काढणी करताना जमिनीपासून चार बोटं वर कापावं. त्याहून खाली कापलं आणि पाऊस लागला, तर गाभ्यात पाणी साचून ठोंब सडतो. पातीवर तांबूस पूड दिसली तर तो तांबेरा, ती पाती चहात घालू नये. दर दोन वर्षांनी ठोंब उपटून विभागावा, नाहीतर कुंडीत मुळांची गच्च जाळी होऊन मधला भाग वाळतो.

अडुळसा

जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार पेरांची काडी घ्यावी. पूर्ण हिरवी कोवळी काडी कुजते आणि फार जुनी फुटत नाही. मधली, करड्या सालीची काडी उत्तम. खालची दोन पेरं मातीत जातील अशी ती सावलीत खोचावी, वरची दोन अर्धी पानं ठेवून बाकीची काढावीत. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. नवी पालवी दिसली म्हणून लगेच उपटून दुसरीकडे लावू नये. काडीत साठलेल्या अन्नावरही पालवी फुटते, मुळं मागाहून येतात.

पान चुरगळल्यावर येणारा उग्र वास, जिभेला लागणारा कडूपणा आणि पांढऱ्या फुलाच्या खालच्या ओठावरच्या जांभळट रेषा, एवढ्यावरून अडुळसा ओळखता येतो. गुरं-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो बांधावर टिकतो.

कच्ची पानं वाटून पिळली की रस जेमतेम निघतो आणि बहुतेक लोक इथेच नाद सोडतात. जुन्या पद्धतीत पानांच्या चटणीचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन, माती लाल होईपर्यंत निखाऱ्यांत भाजत आणि मग पिळत. यालाच पुटपाक म्हणतात. घरात हे काम इडलीपात्र करतं. जून झालेली, पूर्ण वाढलेली पंधरा-वीस पानं धुऊन सात-आठ मिनिटं वाफवायची, ठेचायची आणि मलमलीच्या फडक्यातून गरम असतानाच पिळायची. थंड झाल्यावर रस पुन्हा चिकट होतो आणि फडक्यात अडकतो. मोठ्या माणसाला दोन चहाचे चमचे, म्हणजे 10 मिलि रस, एक चमचा मधातून, दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस. रस त्या-त्या दिवशी ताजाच काढावा.

पानातलं मुख्य द्रव्य म्हणजे व्हॅसिसिन. खोकल्याच्या औषधांत ज्यांची नावं वाचायला मिळतात ते ब्रोमहेक्सिन याच व्हॅसिसिनवरून घडवलं गेलं, आणि ॲम्ब्रॉक्सॉल त्याच ब्रोमहेक्सिनपासून आलं. म्हणजे हा नुसता आजीचा समज नाही, हे खरंखुरं औषध आहे आणि म्हणूनच ते जपून वापरायला हवं. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं, त्यामुळे गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, आणि घरी काढलेला रसही नाही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, थुंकीतून रक्त पडलं किंवा वजन उतरू लागलं तर रस थांबवून क्षयाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. अडुळशानं कफ सुटून बरं वाटतं आणि त्या नादात तपासणी लांबते.

गुळवेल: आधी ओळख, मग काढा

गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत. खोडावर कागदासारखी पातळ साल असते, ती नखानं सोलली की आत हिरवंगार दिसतं. खोड आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. जुन्या वेलीवरून सुतळीसारखी हवाई मुळं खाली लोंबतात. तिच्याच कुळातली दुसरी एक वेल, शास्त्रीय नाव टिनोस्पोरा क्रिस्पा, पानांवरून जवळपास तशीच दिसते. फरक खोडात आहे. क्रिस्पाचं खोड करडं आणि मुरमांसारख्या असंख्य टेंगळांनी भरलेलं असतं, तोडल्यावर दुधट स्राव येतो. गुळवेलीच्या खोडावर थोडे बारीक ठिपके असतात, टेंगळांची दाटी नसते आणि चीक येत नाही. पानं बघून गुळवेल घेऊ नये, खोड बघून घ्यावी.

हा फरक नुसता कागदोपत्री नाही. करोनाच्या काळात काढ्यांचा सपाटा चालला आणि 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर चुकीच्या वनस्पतीची शक्यता मांडली. वाद काहीही असो, घरात पाळायचे नियम दोन्हीकडून सारखेच निघतात. वेल खात्रीची हवी. यकृताचा आजार, थायरॉईड किंवा संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे विकार असतील तर घरच्या घरी घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारावं, कारण गुळवेलीनंही साखर उतरते. आणि वैद्याच्या सल्ल्याशिवाय आठवड्यापलीकडे रोज घेऊ नये. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली, भूक मेली, मळमळू लागलं तर त्याच दिवशी बंद.

लावायला बोटाएवढं जाड, दोन पेरांचं, वीतभर कांडं पुरतं. वरची बाजू वरच राहील एवढं बघावं, त्यासाठी कापतानाच खालच्या टोकाला तिरका काप द्यावा. काढ्यासाठी 10 ग्रॅम ताजं खोड ठेचून 160 मिलि पाण्यात मंद आचेवर, झाकण न ठेवता, 40 मिलि उरेपर्यंत उकळायचं. प्रमाणाचं साधं सूत्र असं: पानाफुलांसारख्या मऊ औषधाला चौपट पाणी, मध्यम कठीण असेल तर आठपट, लाकडासारखं असेल तर सोळापट, आणि प्रत्येक वेळी चौथा हिस्सा उरवायचा. तुळस, गवती चहा मात्र काढ्यासारखे आटवू नयेत. त्यांचा गुण उडून जाणाऱ्या तेलात आहे. गॅस बंद करून पानं घालावीत आणि पाच मिनिटं झाकण ठेवावं.

रानातून काय आणावं: माका

बाहेरून गोळा करायला सुरुवात माक्यापासून करावी, कारण त्याची परीक्षा हातातच होते. ऑगस्ट ते ऑक्टोबर, भाताच्या बांधावर, ओढ्याकाठी, ओल्या जागी तो उगवतो. पानं समोरासमोर, खरखरीत, फुलं बारीक पांढरी. देठ चुरगळून बोटांवर रस घ्या. काही मिनिटांत तो काळपट पडला तर माका. पांढऱ्या-पिवळ्या फुलाची, लांब दांडीवर एकच फूल धरणारी ती एकदांडी. पिवळ्या फुलाचा, बागेत पसरणारा तो वेगळाच.

जागा ओळखण्यात मात्र माणसं चुकतात. माक्याला ओल प्यारी, आणि शहरात बारमाही ओल असते ती गटाराकाठी. तिथला माका दिसायला सगळ्यात तजेलदार, पण मातीतले जड धातू झाडात चढतात आणि ते कितीही धुतलं तरी जात नाहीत. मोठ्या रस्त्याची कड, रेल्वेमार्ग, कारखान्याचा ओहोळ, तणनाशक मारलेला बांध इथलं काहीही उचलू नये. शेतकऱ्याला विचारूनच बांधावर जावं, फवारणी कधी झाली तेही तिथेच कळतं. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वनस्पती तोडायला कायद्यानं मनाई आहे. एका जागचा तिसरा हिस्साच घ्यावा आणि बी धरलेली झाडं तशीच सोडावीत. कंदमुळं नवख्यानं खणूच नयेत. कळलावीचा कंद दुसऱ्या कंदाच्या भरवशावर खाल्ला तर जीव जातो. तिची खूण म्हणजे पानाचं टोक वेटोळ्यासारखं वळून आधाराला धरतं.

नावावरही विसंबू नये. ब्राह्मी म्हणून एका गावात गोल पानांची मंडूकपर्णी दाखवतील, दुसरीकडे बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी. दोन्ही औषधी आहेत, पण एक नाहीत. शंका असेल तर फुलासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात न्यावी. नुसत्या पानावरून तेही खात्रीनं सांगू शकत नाहीत.

माक्याचं केसांचं तेल करताना प्रमाण असं: 25 ग्रॅम माक्याची चटणी, 100 मिलि खोबरेल किंवा तिळाचं तेल, 400 मिलि माक्याचा रस. भांडं निदान दीड लिटरचं हवं, तेल उतू येतं. तिन्ही एकत्र करून जाड बुडाच्या लोखंडी कढईत मंद आचेवर, सतत तळ खरवडत, पाणी उडेपर्यंत आटवायचं. दोन दिवसांत विभागून केलं तरी चालतं. तयार झाल्याची परीक्षा: तळाचा चोथा दोन बोटांत वळला की वात वळते, आणि ती वात ज्योतीवर धरली की तडतडत नाही. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, असं तेल महिन्याभरात खवट होतं. चोथा कडक होऊन करपट वास आला तर तेल वाया गेलं. गरम असतानाच, पण हात भाजणार नाही अशा बेतानं, फडक्यातून गाळून पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरावं.

पानं वाळवायची तर सावलीत, एकेरी थर पसरून, वारा खेळेल अशा जागी. उन्हात रंग आणि वास दोन्ही जातात. पावसाळ्यात वाळवूच नये, कोकणात तर नवरात्र उलटेपर्यंत थांबावं. पान नव्हे, देठ तुटताना कट् असा आवाज आला की वाळलं. बरणीवर झाडाचं नाव, कुठून आणलं ती जागा आणि तारीख लिहावी. वर्षानंतर उरलेलं खतात टाकावं. बरणीला आतून घाम दिसला तर त्याच दिवशी सगळं बाहेर काढून पुन्हा वाळवावं, आणि बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी वरचं काढून खालचं न वापरता पूर्ण बरणी रिकामी करावी.