ठाण्याची मंडळी आणि नेगेवमधलं गाव: भागीदारी उभी कशी करायची

ठाणे, पनवेल, अलिबाग, पेण इथल्या आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मंडळींपैकी कुणी ना कुणी मला विचारत असतं, ‘आमच्या सिनेगॉगला तुमच्या गावाशी कायमचं जोडून घेता येईल का?’ येतं. माझं माहेर ठाण्याचं, सासर दिमोनाचं, इस्रायलच्या दक्षिणेतल्या नेगेव वाळवंटातलं. इथल्या मतनासमध्ये, म्हणजे गावच्या समाजकेंद्रात, बाहेरच्या ज्यू समाजांशी संबंध राखण्याचं काम मी करते. त्यामुळे दोन्ही टोकांना गाडी कुठे अडते ते माझ्या रोजच्या पाहण्यातलं आहे.

ही पद्धत जुनी आहे. १९७७ साली मेनाखेम बेगिन यांच्या सरकारने हलाखीतल्या वस्त्या सुधारण्याची योजना जाहीर केली आणि एकेक वस्ती परदेशातल्या एकेका ज्यू समाजाला जोडून दिली. पैसा तिकडून यायचा, घरं नि बालवाड्या इकडे उभ्या राहायच्या. १९९४ मध्ये सोखनूतने, म्हणजे ज्यूइश एजन्सीने, ‘पार्टनरशिप २०००’ सुरू केली. तिचंच नाव पुढे ‘पार्टनरशिप टुगेदर’ झालं. अश्केलोनशी बाल्टिमोर, कार्मिएल आणि मिसगावशी पिट्सबर्ग, किर्यात गातशी शिकागो अशा चाळीसहून जास्त जोड्या आज आहेत. नुसत्या चेकवर चालणाऱ्या जोड्यांपेक्षा दोन्हीकडची माणसं एकाच कामाला बसतात त्या जोड्या जास्त टिकतात. पश्चिम गॅलिलीत नहारियाच्या रुग्णालयातले डॉक्टर आणि अमेरिकेतले डॉक्टर आणीबाणीची तयारी मिळून करतात, तशा.

आपल्याकडे अमेरिकेसारखी श्रीमंत फेडरेशन, म्हणजे ज्यू समाजाचा निधी गोळा करणारी संस्था, नाही. भारतात सगळे मिळून ज्यू चार-पाच हजारांच्या घरात. म्हणून पहिल्याच बैठकीत एक प्रश्न मांडा: आमच्याकडे असं काय आहे जे त्या गावाकडे नाही, आणि त्यांच्याकडचं आम्हाला काय हवंय? दोन्ही उत्तरं कागदावर येईपर्यंत कुणालाही पत्र पाठवू नका. एका बाजूने नुसतं घ्यायचं आणि दुसरीने नुसतं द्यायचं, ही भागीदारी मला मान्य नाही. ती घेणाऱ्याला लाजवते आणि देणाऱ्याला कंटाळा आणते.

गाव निवडताना

दिमोना, येरुहाम, बेरशेबा, अश्दोद, लोद, रामले, किर्यात गात: आपली घरं या सगळीकडे आहेत. मोठ्या शहरात तुमचं पत्र टेबलाटेबलांवर फिरत राहतं. लहान गावात महापौरांच्या कचेरीतल्या बाईंना तुमच्या आत्याचं घर माहीत असतं. मी लहान गाव निवडा असंच सांगेन.

मात्र महापौरांपासून सुरुवात करू नका. आधी एखादी शाळा, मतनास किंवा सिनेगॉगचे गब्बाई, म्हणजे तिथला कारभार पाहणारे, गाठा. इथे स्थानिक निवडणुका साधारण दर ५ वर्षांनी होतात. करार फक्त महापौरांच्या टेबलावर असेल तर माणूस बदलला की फाईल कपाटात जाते. शाळेत काम चालू असेल तर नवे महापौर आपण होऊन फोटोला येतात. सही तेव्हा घ्या.

पहिलं काम कोणतं?

माझ्या मते आडनावांचं. आपली आडनावं म्हणजे कोकणातली गावं: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर. दिमोनाच्या शाळेत पेणकर आडनावाची मुलं बसतात, हिब्रूत बोलतात, आणि पेण नकाशावर कुठे आहे हे त्यांना ठाऊक नसतं. उलट अलिबागच्या इस्रायल आळीत, नवगावच्या कब्रस्तानात जे दगड आहेत, त्यांवरचं हिब्रू वाचणारं माणूस तिकडे शोधावं लागतं.

म्हणून कामाची वाटणी अशी करा. कोकणातल्या तरुणांनी दगडांचे फोटो काढायचे. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढले तर झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दगडाला खडू, तेल, पावडर काही लावू नये. फोटोला गाव, रांग आणि दगडाचा क्रमांक द्यावा. दिमोनाच्या मुलांनी हिब्रू मजकूर वाचून टंकायचा, हिब्रू तारीख इंग्रजी तारखेत बदलायची. मराठी ओळी कोकणातून वाचून यायच्या. मग प्रत्येक मुलाने घरी जाऊन आजीला विचारायचं की हे आपल्यातले कोण. इथे आजी बोलायला लागते आणि मुलाला पहिल्यांदा कळतं की तिला अख्खं कीर्तन पाठ आहे. ते रेकॉर्ड करा. मूळ आवाजाची एक प्रत ठाण्यात, एक इथे.

फोटोंच्या आधी विश्वस्तांची लेखी परवानगी घ्या आणि हयात माणसांची नावं, जन्मतारखा उघड्यावर टाकू नका.

वेळापत्रक

इथे शाळा १ सप्टेंबरला सुरू होते आणि लगेच तिश्री या हिब्रू महिन्याचे सण येतात, रोश हशाना ते सिम्हात तोरा. तो महिना कुणीही हाती लागत नाही. तिकडे दिवाळीची सुट्टी, मार्च-एप्रिलात परीक्षा, मग मे महिना. इकडे पेसाह, वसंतातला मोठा सण. हाती राहतो तो दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीअखेरचा काळ. त्यातच सगळं बसवा. याच काळात तू बिश्वात, म्हणजे झाडांचा सण, येतो. त्या दिवशी तुमची मंडळी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नावीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, जागी जातात, इथली मंडळी हैफाला एलियाहूच्या गुहेत. मलिद्याचं, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचं, ताट दोन्हीकडे असतं. तिथून दोन्ही बाजूंनी व्हिडिओ कॉल लावा. वर्षाचा एकच सोहळा करायचा असेल तर हाच करा.

इस्रायल हिवाळ्यात साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच. इथला कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार. म्हणून रविवारी ठाण्यात दुपारी दीड वाजता बैठक ठेवा: तुम्हाला सुट्टी, इथे सकाळचे दहा.

पैसा

इथे चांगली चांगली माणसं फसतात, म्हणून नीट वाचा. इस्रायली पासपोर्ट असलेल्या मामाने ठाण्याच्या ट्रस्टला दिलेली देणगी कायद्याने परदेशी योगदान ठरते, मग मामा भायखळ्यात जन्मलेला का असेना. त्याच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, असलं तरीही. ट्रस्टची एफसीआरए (परदेशी योगदानाच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक रुपयाही घेता येत नाही. असेल तर रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच आली पाहिजे, आणि ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. भारतीय पासपोर्टवरच परदेशात राहणारा नातेवाईक स्वतःच्या कमाईतून देत असेल तर गोष्ट वेगळी. उलट दिशेने, भारतीय धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर त्यावर आयकराची सूट सहसा मिळत नाही. आधी सीएला गाठा.

माझा सल्ला सरळ आहे: पहिली दोन वर्षं पैसा सीमेपलीकडे पाठवूच नका. ठाण्याचा खर्च ठाण्याने करावा, दिमोनाचा दिमोनाने. हिशेब दोन, काम एक. पाहुणे आले की त्यांना घरात उतरवा, हॉटेल नको. भारतीय पासपोर्टवाल्यांना इस्रायलचा व्हिसा लागतो, तेव्हा निमंत्रणपत्र मतनासच्या लेटरहेडवर आणि वेळेत मागा. ज्यांच्या घरी राहायचं त्यांना कश्रुत (खाण्यापिण्याचे धर्मनियम) आणि शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) किती पाळता हे आधीच विचारा. कुणी शब्बाथला फोनही उचलत नाही, कुणाकडे टीव्ही चालू असतो. दोन्ही घरं आपलीच.

युद्ध सुरू झालं तर

हे आधीच ठरवून ठेवायला हवं. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर हे सगळ्यांनाच कळलं: सॅन डिएगोशी जोडलेल्या, गाझाच्या सीमेजवळच्या शार हानेगेव प्रादेशिक परिषदेचे प्रमुख ओफीर लिब्स्टाइन त्याच दिवशी मारले गेले. जून २०२५ मध्ये इराणचं क्षेपणास्त्र बेरशेबाच्या सोरोका रुग्णालयावर पडलं, आणि आमचे रुग्ण तिथेच जातात. अशा वेळी शंभर जणांनी ‘काय झालं?’ विचारलं तर इथल्या एकट्या समन्वयकाचा दिवस उत्तरं देण्यात जातो. दोन्हीकडून एकेक माणूस नेमा, बाकीच्यांनी त्याच्याकडूनच बातमी घ्यावी.

एक काम मात्र तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. दिमोनात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत. आयुष्य इथल्या कापडगिरणीत गेलं, हिब्रू बाजारापुरती येते, भीती वाटली की तोंडून मराठीच निघते. त्यांच्या संमतीने नावं-नंबर घेऊन यादी करा आणि ठाण्यातल्या तीन-चार घरांत वाटून द्या. शांततेच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा फोन करा, म्हणजे भोंगा वाजेल तेव्हा आवाज ओळखीचा असेल. बोलायचं काय? ‘मावशी, जेवलात का? मामादमध्ये पाणी ठेवलंय का?’ (मामाद म्हणजे घरातली क्षेपणास्त्रांपासून वाचवणारी पक्की खोली.) सूचना मात्र होम फ्रंट कमांडच्याच, म्हणजे सैन्याच्या नागरी संरक्षण विभागाच्याच, सांगायच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं काही नाही.

आता पहिलं पत्र. एक पान पुरे, हिब्रू आणि इंग्रजीत, मराठी प्रत जोडून. तुम्ही कोण, घरं किती, सिनेगॉग कधीचं (ठाण्याचं शार हाशामाइम १८७९ चं, हे जरूर लिहा). तुम्ही काय देऊ शकता, काय हवंय. काम एकच आणि त्याची शेवटची तारीख. खाली दोघांच्या सह्या: एक विश्वस्त आणि एक तिशीच्या आतलं कुणीतरी, जे पुढची पाच वर्षं फोन उचलेल. पत्र हनुक्कापर्यंत, म्हणजे डिसेंबरच्या सुमाराच्या दिव्यांच्या सणापर्यंत, इथे पोचू द्या. जानेवारीत इथल्या शाळेच्या शिक्षकांबरोबर बसून मी ते वाचून घेईन.