आयव्हीएफचा खर्च खिशातून करताय? मग या चुका टाळा

आयव्हीएफला, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला, इन्शुरन्स नाही म्हटल्यावर बहुतेक जोडप्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, पॅकेज केवढ्याला? मिळालेला आकडा धरून लोक घरी हिशोब मांडतात आणि तिथेच फसतात. आम्हीही फसलो.

आमच्या एस्टिमेटच्या कागदावर तळाला बारीक अक्षरात 'औषधे वेगळी' असं होतं, मी वाचलं आणि गोळ्याबिळ्या असतील म्हणून सोडून दिलं. औषधं म्हणजे इंजेक्शनं, दहा-बारा दिवस रोज, आणि डोस आधी नक्की कुणीच सांगू शकत नाही कारण सोनोग्राफीत फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) कसे वाढतायत ते बघून तो बदलतो. पाचव्या दिवशी माझा वाढवला. फ्रीजच्या कप्प्यात इंजेक्शनची पेनं ओळीत ठेवलेली असायची, रोज रात्री टोचून झालं की किती उरलीत ते मी मोजायचे आणि नवरा शेजारी बसून बँकेचा बॅलन्स बघायचा. मग अंडी अपेक्षेपेक्षा जास्त झाली, ओव्हरी सुजायचा धोका होता म्हणून डॉक्टर म्हणाले आत्ता ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) नको, सगळे भ्रूण फ्रीझ करू. निर्णय अगदी बरोबर होता. पण फ्रीझिंग, स्टोरेज आणि नंतरचं फ्रोझन ट्रान्सफर, तिन्ही पॅकेजच्या बाहेर, आणि आमचे पैसे संपलेले. सात महिने आमचे चार भ्रूण उणे 196 अंशांत आणि आम्ही घरी पैसे जमवतोय. भ्रूणांचं वय तिथे वाढत नाही एवढाच काय तो आधार.

म्हणून मी ओळखीतल्या प्रत्येकीला एक कागद करायला लावते. त्यावर इंजेक्शनं (जास्तीत जास्त डोस धरून), भूल, इक्सी (अंड्यात सुईने एक स्पर्म सोडणं), पाचव्या दिवसापर्यंतचं कल्चर (लॅबमध्ये भ्रूण वाढवणं), फ्रीझिंग, वर्षाचं स्टोरेज, फ्रोझन ट्रान्सफर आणि सायकल (उपचाराची एक फेरी) मधेच कॅन्सल झाली तर परत किती, हे सगळं लिहायचं आणि प्रत्येकासमोर आकडा किंवा 'समाविष्ट' असं क्लिनिककडूनच लिहून घ्यायचं. तोंडी अजिबात नको. आणि फ्रोझन ट्रान्सफरचे पैसे बाजूला पडल्याशिवाय पहिलं इंजेक्शन घ्यायचं नाही, कितीही घाई असली तरी.

दुसरी चूक, पैसे वाचवायला एकदम दोन भ्रूण सोडायला सांगणं. एकाच खर्चात दोन मुलं, हे ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आत जन्मतात, मग बाळं काचेच्या पेटीत आणि बिल रोज वाढतंय, शिवाय आईच्या जिवाला धोका वेगळाच. डॉक्टर स्वतःहून दोन म्हणाले तर कारण विचारा, आपण हट्ट करू नका.

ॲड-ऑनला, म्हणजे वरून सुचवलेल्या जादा प्रोसिजरना, लगेच हो म्हणू नका. गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा काढायची प्रोसिजर बराच काळ चालली, 2019 मध्ये 1,364 बायकांवरचा मोठा अभ्यास आला तेव्हा ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या दोन्ही गटांत बाळ होण्याचं प्रमाण सारखंच, 26.1 टक्के. इक्सीसुद्धा मुळात स्पर्म कमी किंवा कमजोर असतील त्यांच्यासाठी आलं, रिपोर्ट नॉर्मल असेल तर आपल्याला ते का हवं हे विचारायला लाजू नका. मी एकच प्रश्न विचारते, हे नाही केलं तर काय होईल?

नवऱ्याची सीमेन टेस्ट आधी करा, ती स्वस्तातली तपासणी आहे आणि लोक तीच टाळतात.

सक्सेस रेट ऐकताना तो पॉझिटिव्ह टेस्टचा की प्रत्यक्ष बाळ घरी येण्याचा, आणि आपल्या वयोगटाचा आहे का, ते विचारा.

कुणाची उरलेली इंजेक्शनं घेऊ नका, थंडीत नीट ठेवली होती का ते कळायला मार्ग नसतो.

पैसे जमवायला दोन-तीन वर्षं थांबणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या, पस्तिशीनंतर अंडी झपाट्याने कमी होतात आणि तेच पैसे मग कमी पुरतात.

आणि पॉलिसीत आयव्हीएफ नाही म्हणून फाईल बंद करू नका. थायरॉईड, फायब्रॉईड (गर्भाशयातल्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) हे स्वतंत्र आजार आहेत, त्यांचे उपचार कव्हर होतात का ते कंपनीला मेल करून लेखी विचारा, आणि तेही ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी.