डिस्क बर्न करण्याआधी ठरवा, ती वाचणार कोण

घरच्या कॉम्प्युटरवर सीडी-डीव्हीडी बर्न करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. कुणाला भाषणांची रेकॉर्डिंग जपून ठेवायची असतात, कुणाला घरचे फोटो, कुणाला गाडीतल्या जुन्या प्लेअरसाठी गाणी हवी असतात. हे काम शिकायला नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, "सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?" मी उलट विचारते, डिस्क वाचणार कोण आहे? कॉम्प्युटर, गाडीतला प्लेअर, टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर, की दहा वर्षांनी कपाट आवरताना ती हाती लागणारा कुणीतरी? याचं उत्तर मिळालं की डिस्कचा प्रकार, फाइलींची नावं, बर्न करायचा वेग, डिस्क बंद करायची की उघडी ठेवायची, हे सगळं त्यावरून ठरत जातं. सॉफ्टवेअरचं फारसं अडत नाही. इमेजबर्न, केथ्रीबी, नीरो, विंडोजमधली स्वतःची सोय, यातलं काहीही चालतं.

सगळ्यात जास्त गोंधळ गाण्यांच्या बाबतीत होतो, म्हणून तिथून सुरुवात करते. डिस्कवर गाणी दोन तऱ्हांनी जातात आणि त्या दोन तऱ्हा मुळातच वेगळ्या आहेत. पहिली ऑडिओ सीडी. हिच्यावर फाइल, फोल्डर असं काही नसतंच. नुसता आवाज असतो, सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे आवाजाची मोजमापं), प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी-उजवी मिळून दोन वाहिन्या. कोणतीही ऑडिओ सीडी विंडोजमध्ये उघडून बघा. 'ट्रॅक०१.सीडीए', 'ट्रॅक०२.सीडीए' अशा फाइली दिसतील आणि प्रत्येकीचा आकार फक्त ४४ बाइट. गाणं पाच मिनिटांचं असो की वीस, आकार तोच. कारण त्या फाइलीत गाणं नाहीच, ट्रॅक डिस्कवर कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे एवढीच नोंद आहे. नवशिके या फाइली उचलून डेस्कटॉपवर ठेवतात, गाणी कॉपी झाली म्हणून खूश होतात, आणि डिस्क बाहेर काढल्यावर एकही वाजत नाही. सीडीवरचं गाणं कॉम्प्युटरवर घ्यायचं तर ते रिप करावं लागतं, म्हणजे आवाज वाचून त्याची डब्ल्यूएव्ही, फ्लॅक किंवा एमपीथ्री फाइल बनवावी लागते.

दुसरी तऱ्हा डेटा डिस्कची. हिच्यावर एमपीथ्री फाइली जशाच्या तशा फाइली म्हणूनच राहतात. प्लेअरला एमपीथ्री उलगडता येत असेल तरच तो त्या वाजवतो, नाहीतर डिस्क वाचता येत नाही असं सांगून मोकळा होतो.

इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे, एकदा ते डोक्यात बसलं की बऱ्याच शंका आपोआप मिटतात. डिस्कच्या डब्यावर '७०० एमबी / ८० मिनिटं' असं छापलेलं असतं. ऑडिओच्या एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे ८० मिनिटांना साधारण ८४ कोटी ६७ लाख बाइट, कॉम्प्युटरच्या हिशोबाने ८०७ एमबी. मग ८०७ एमबीचा आवाज ७०० एमबीच्या डिस्कवर मावतो कसा? सीडीवरचा एक सेकंद ७५ तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक तुकड्यात २,३५२ बाइट जागा असते. ऑडिओ सीडी ही सगळी जागा आवाजासाठी वापरते. डेटा डिस्क त्यातले फक्त २,०४८ बाइट तुमच्या फाइलीला देते आणि उरलेले ३०४ तुकड्याचा पत्ता आणि चूक दुरुस्त करायची जादा माहिती यांत जातात. आवाजात एखादा नमुना हरवला तर प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने तो भरून काढतो आणि ऐकणाऱ्याला बहुधा कळतही नाही. दाबून ठेवलेल्या झिप फाइलीत मात्र एका बाइटची चूकसुद्धा महाग पडू शकते, म्हणून डेटाला ते जादा संरक्षण लागतं. तेव्हा डब्ल्यूएव्ही फाइलींची बेरीज ७८० एमबी आली म्हणून ऑडिओ सीडीतली गाणी कमी करू नका. तिथे एमबी बघायचेच नाहीत, मिनिटं मोजायची.

एमपीथ्रीचा हिशोब याच्या उलट. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट घेणाऱ्या फाइली असतील तर त्याच डिस्कवर बारा तासांहून जास्त संगीत बसतं. गाडीतल्या प्लेअरवर एमपीथ्रीचं चिन्ह छापलेलं असेल तर मी नेहमी हाच मार्ग सुचवते. प्लेअर त्याहून जुना असेल तर ऑडिओ सीडीला पर्याय नाही. एमपीथ्रीवरून ऑडिओ सीडी करता येते, सॉफ्टवेअर उलगडण्याचं काम स्वतःच करतं, पण एमपीथ्री बनवताना आवाजातून जे गेलं ते त्यामुळे परत येत नाही. मूळ डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गमावलेली फाइल, हाताशी असेल तर तेच वापरा.

मैफलीचं सलग रेकॉर्डिंग असेल तर आणखी एक गोष्ट बघा. 'ट्रॅक-ॲट-वन्स' पद्धतीत प्रत्येक ट्रॅकनंतर लेसर थांबतो आणि दोन सेकंदांची शांतता पडते. आलाप मध्येच तुटला की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो. अशा वेळी लेसर न थांबवता पूर्ण डिस्क एकदम लिहिणारी 'डिस्क-ॲट-वन्स' पद्धत निवडा आणि ट्रॅकमधलं अंतर शून्य करा. वेगवेगळ्या ठिकाणची गाणी एकत्र करत असाल तर आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्या.

आता कोरी डिस्क. नावात 'आर' असेल तर ती एकदाच लिहिली जाते, 'आरडब्ल्यू' असेल तर पुसून साधारण हजार वेळा पुन्हा वापरता येते. ऐकायला आरडब्ल्यू फायद्याची वाटते, पण तिच्यावरून लेसरचा उजेड फार कमी परत येतो, साध्या छापील सीडीच्या तुलनेत तर खूपच कमी, त्यामुळे जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत. सरावाला आरडब्ल्यू घ्या, दुसऱ्याच्या हाती द्यायची डिस्क आरवर करा. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो. यात फसवणूक काही नाही, डबा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या. मी डिस्क काठोकाठ भरत नाही. लिखाण आतून बाहेर सरकत जातं आणि बाहेरच्या कडेलाच बोटांचे ठसे, ओरखडे आणि बर्नमधल्या चुका सगळ्यात जास्त असतात.

विंडोजमध्ये कोरी डिस्क टाकली की एक चौकट येते. त्यात डिस्क यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी, असं विचारलेलं असतं. बहुतेक जण पहिला पर्याय सोपा वाटतो म्हणून तोच दाबतात. त्यात फाइली ओढल्या की लगेच लिहिल्या जातात, पण अशी डिस्क पुष्कळ प्लेअरना वाचता येत नाही. शिवाय आर डिस्कवरची फाइल पुसली तरी तिची जागा मोकळी होत नाही. दुसऱ्याला द्यायच्या डिस्कसाठी दुसराच पर्याय घ्या. त्यात आधी सगळ्या फाइली गोळा होतात आणि मग एकदम बर्न होतात. पण लक्षात घ्या, यातूनही डेटा डिस्कच तयार होते. ऑडिओ सीडी हवी असेल तर मीडिया प्लेअरमध्ये किंवा बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये 'ऑडिओ सीडी' वेगळी निवडावी लागते.

फाइलींच्या नावांकडे आपल्याला जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण आपण देवनागरी वापरतो. आयएसओ ९६६० ही डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत मूळ रूपात फक्त इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा स्वीकारते. तिच्यासोबत जोलिएट ही तिचीच वाढीव जोड असेल तर देवनागरी चालते, पण नावाला ६४ चिन्हांची मर्यादा येते आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'प्रार्थना' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर नऊ मोजतो. राग, ताल, कलाकार, तारीख असं सगळं नावात घातलं की मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही आणि सॉफ्टवेअर शेपूट छाटून टाकतं. कॉम्प्युटरसाठी असलेल्या डिस्कवर यूडीएफ ही नवी मांडणी घेतली तर हा जाच बराच कमी होतो आणि ४ जीबीपेक्षा मोठी फाइलही बसते. गाडीच्या प्लेअरसाठी मात्र नावं छोटी आणि इंग्रजी लिपीतच ठेवा, नाहीतर पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. सुरुवातीला इंग्रजी आकड्यांत दोन अंकी क्रमांक द्या, एकअंकी असेल तर आधी शून्य लावून. नाहीतर पहिल्यानंतर थेट दहावं गाणं वाजतं. संपूर्ण नावं हवी असतील तर डिस्कवर एक साधी मजकुराची फाइल ठेवा आणि तिच्यात यादी लिहा.

डिस्क उघडी ठेवून नंतर भर घालता येते, त्याला मल्टिसेशन म्हणतात. पण सीडीवर प्रत्येक नव्या सेशनला, म्हणजे प्रत्येक वेळी घातलेल्या भरीला, नुसत्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणांसाठी सुमारे १३ एमबी जातात, पहिल्याला तर २२ च्या आसपास. आणि साधा ऑडिओ प्लेअर फक्त पहिलं सेशन बघतो. डिस्क प्लेअरमध्ये जाणार असेल तर ती फायनलाइज करूनच, म्हणजे पुढे भर घालता येणार नाही अशी बंद करूनच द्या.

वेगाबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. ५२ एक्स (म्हणजे मूळ वेगाच्या ५२ पट) लिहिलंय म्हणून ५२ वर बर्न करणारे आहेत, आणि जितकं हळू तितकं चांगलं म्हणत ४ एक्सवर बसून राहणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. जलद डिस्कवरचा रंगाचा थर जलद लेसरसाठी बनवलेला असतो, फार हळू केल्याने लिखाण सुधारेलच असं नाही. मी सीडीला १६ किंवा २४, डीव्हीडीला ८ ठेवते. १६ एक्सला पूर्ण सीडी पाच मिनिटांत होते, त्याहून घाई कशाला? फाइली आधी कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर आणा, पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून थेट बर्न करू नका. बाहेरून जोडायचा पातळ रायटर असेल तर तो सरळ कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा, हबमधून वीज अपुरी पडते आणि बर्न ऐन मध्यावर बंद पडतो.

'बर्न पूर्ण झालं' असा संदेश आला की नवखे डिस्क डब्यात घालतात. काम तिथे अर्धंच झालेलं असतं. सॉफ्टवेअरमधली पडताळणी नेहमी चालू ठेवा, वेळ दुप्पट लागला तरी चालेल. पण ती त्याच ड्राइव्हवर होते, आणि ज्याने लिहिलं त्याला स्वतःचं लिखाण वाचता येणं ही फार मोठी परीक्षा नव्हे. मी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालते, सगळ्यात मोठी फाइल कॉम्प्युटरवर परत कॉपी करते आणि शेवटच्या ट्रॅकची शेवटची काही मिनिटं ऐकते, कारण बाहेरच्या कडेची खरी परीक्षा तिथेच होते. जपून ठेवायच्या डिस्कवर प्रत्येक फाइलीच्या एसएचए-२५६ बेरजेची, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेल्या ओळखीच्या आकड्याची, यादीही टाकते. पुढे कधीही त्या बेरजा पुन्हा काढून ताडून बघता येतात, एक बाइट जरी बदलला असला तरी समजतं.

लिहायचं ते वरच्या बाजूला, मऊ टोकाच्या पाण्याच्या शाईच्या पेनाने. सीडीची खालची चकचकीत बाजू सगळे जपतात, पण डेटाचा थर असतो वरच्या बाजूला, पातळ लाखेच्या अगदी खाली. बॉलपेन दाबून लिहिलं तर तो थर तिथेच दुखावतो. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तिला हा धोका कमी. कागदी लेबलं मात्र डीव्हीडीला मुळीच लावू नका, कागद आखडला की डिस्क किंचित वाकते आणि वाचताना अडखळते. डिस्क उभी ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून दूर. पुसताना मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही.

एवढं करूनही एखादी डिस्क काही वर्षांनी वाचायला कुरकुर करते. घाबरून पुन्हा पुन्हा तिच्यावरून फाइली ओढत बसू नका. डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. ते आधी वाचता येतील ते सगळे तुकडे उचलून घेतं आणि कोणते राहिले त्याचा नकाशा एका फाइलीत ठेवतं. मग तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तोच नकाशा द्यायचा, ते फक्त राहिलेलेच तुकडे पुन्हा वाचून बघतं. एका ड्राइव्हला न दिसलेले तुकडे दुसऱ्याला दिसतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणून रद्दीत काढलेल्या कॉम्प्युटरमधला चालू स्थितीतला डिस्क ड्राइव्ह टाकून देऊ नका, काढून ठेवा.