लावण झाली म्हणजे सुटलो नाही: रोज सकाळी बांध बघा, खेकडा सापळ्यानं धरा, ओढ्यात विष नको

आर्द्रा चांगली लागलीय. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी सगळीकडं चिखलणी चालू आहे, काहींची लावण उरकली पण. म्हणून हे आत्ताच लिहितोय, पंधरा दिवसांनी वाचून उपयोग नाही. लावण उरकली की आपण मोकळे होतो, कोण पै-पाहुण्यात जातो, कोण एमआयडीसीत ड्युटीवर जातो, आणि खाचराकडं एकदम चौथ्या-पाचव्या दिवशी फिरकतो. तेवढ्यातच घात होतो. करपा, खोडकिडा यांचं आपण खूप बोलतो, पण आमच्या पट्ट्यात मी माझ्या डोळ्यानं जेवढं भात वाया जाताना बघितलंय त्यातलं निम्म्याहून जास्त बांधातल्या बिळानं गेलंय. आणि ते बीळ पहिल्या दिवशी अंगठ्याएवढं होतं.

मागच्या साली शेजारच्या खाचरात पहाटे सहाला उभा होतो. आदल्या संध्याकाळी घोट्याएवढं पाणी होतं, सकाळी नुसता चिखल. बांधालगतच्या दोन ओळी बुडातून तिरक्या कातरलेल्या, कातरलेली रोपं चिखलावर आडवी, दोन-तीन काड्या बिळाच्या तोंडात अर्ध्या आत ओढलेल्या. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या बोराएवढ्या गोळ्या. बाहेरच्या अंगानं पाणी झुळझुळ खालच्या खाचरात चाललेलं, आणि त्याच्याबरोबर परवा विस्कटलेला युरिया. त्या वेळी एक दगड आणि चार पाट्या चिकणमाती पुरली असती. मालक गावाला गेलेला. संध्याकाळच्या सरीत बांध चार हात बसला आणि खालच्या दोन खाचरांतलं रोप पण गाळाखाली गेलं. दुबार लावायला तरवा शिल्लक नव्हता.

मग आल्यावर त्यानं काय केलं, तर दुकानात गेला आणि खेकड्याचं काहीतरी द्या म्हणाला. दुकानदारानं दाणेदार औषधाची पिशवी दिली, वर एक बाटली पण दिली. बिळात मूठ-मूठ टाकलं, उरलेलं पाण्यात फेकलं. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या डोहात मासे पोट वर करून, बेडूक मेलेले, बांधावर एक बगळा पंख पसरून पडलेला. त्या ओढ्यावर खाली जनावरं पाणी पितात. आणि खेकडे? जे खोल बिळात होते ते आठ दिवसांनी परत बाहेर. पैसे गेले, ओढा मेला, बांध तसाच.

म्हणून सांगतो, कुणी फोरेट हे दाणेदार कीटकनाशक काढून दिलं तर घेऊ नका. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्यावर देशात बंदी आहे, तरी जुना माल म्हणून कुठंतरी निघतो. एंडोसल्फान तर २०११ लाच बंद झालंय. सायपरमेथ्रीनसारखी औषधं ओढ्यात ओतून खेकडे-मासे वर काढायची पोरांना सवय लागलीय, ते तर लई वाईट, कारण ही औषधं पाण्यातल्या जीवांना अगदी थोडक्या मात्रेत मारतात आणि तोच खेकडा घरी आणून कालवणात टाकतात. पाण्यात विष कालवून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत शिजवलेल्या भातात औषध मिसळून त्याच्या गोळ्या बिळाच्या तोंडाशी ठेवायची पद्धत आहे, पण ती एकदम शेवटची, त्रास हाताबाहेर गेला तरच, कृषी सहाय्यकाला विचारून, आणि वाहत्या पाण्यापासून लांब. माझं मत विचाराल तर आपल्या चार-सहा गुंठ्यांच्या खाचरांना ती पाळी येतच नाही, रोज बांध बघितला तर.

खेकडा म्हटलं की तिवरे धरणाचा विषय निघतोच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते धरण फुटलं, माणसं गेली, आणि त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरलं म्हणून सांगितलं. गावकरी तर गळतीची तक्रार आधीपासून करत होते. खेकडा बीळ करणारच, तो त्याचा जन्मधर्म आहे. बीळ दिसल्यावर कोण गेलं बघायला, एवढंच विचारायचं. आपल्या बांधाला पण तोच प्रश्न.

बांध कसा बघायचा ते सांगतो. लावणीनंतर पहिले पंधरा दिवस रोज, उजाडता-उजाडता, बाहेरच्या अंगानं चालत जायचं. आतून चालला तर पाण्यात काही दिसत नाही. बाहेरच्या अंगाला ओल दिसली, बारीक बुडबुडे दिसले, गवत एका जागी आडवं दिसलं की तिथं पाय दाबून बघा, माती आत गेली तर बीळ आहे. उंदराच्या बिळापुढं भुसभुशीत कोरडी माती असते, खेकड्याच्या बिळापुढं ओल्या गोळ्या. बुजवताना नुसती माती ढकलू नका, ती रात्रीत परत बाहेर येते. आधी दगड ठोकायचा, मग बोराटीच्या काट्या कोंबायच्या, मग चिकणमाती तुडवून बसवायची. काट्या घातलेलं बीळ खेकडा सहसा परत उकरत नाही असा माझा अनुभव आहे, पुस्तकात हे मी कुठं वाचलेलं नाही. अजून एक अंदाज सांगतो: दिवसा उघडीप आणि संध्याकाळी सर आली की त्या रात्री खेकडा हमखास फिरतो. अमावस्येच्या आसपास जास्तच. त्या रात्री बॅटरी घेऊन जायचंच.

आता धरायचं कसं.

सगळ्यात चांगली आणि बिनखर्चाची पद्धत दोरीची. काठीला सुतळी, सुतळीला कोंबडीचं आतडं नाहीतर सुकट फडक्यात बांधून, गळ लावायचा नाही. बिळाच्या तोंडाशी सोडायचं, खेकडा नांगीनं धरतो, हळूच ओढायचा आणि खालून जाळीची वाटी धरायची. दुसरा जीव यात अडकत नाही, नको असलेला खेकडा जागेवर सोडता येतो. आमची आजी असंच धरायची. तासाभरात दहा-बारा येतात, एका खाचराला तेवढे पुष्कळ झाले.

दुसरी, पुरलेलं गाडगं किंवा प्लास्टिकची बादली. बांधाच्या कोपऱ्यात, तोंड जमिनीला सपाट येईल अशी पुरायची, आत भाजलेला कोंडा आणि मूठभर सुकट. बुडाला चार भोकं पाडाच, नाहीतर पावसानं भरते आणि आत पडलेली पाल, चिचुंद्री, सरड्याचं पिल्लू बुडून मरतं. बेडूक पडतातच, त्यांच्यासाठी एक ओलं पान आत ठेवा. संध्याकाळी उघडायची, सकाळी बघून झाकण लावायचं. दिवसभर उघडी ठेवू नका.

तिसरा, कामट्यांचा सापळा, ज्याचं तोंड आत निमुळतं होत जातं. हा चांगला, पण इथंच सगळ्यात जास्त जीव मरतात, कारण लोक तो पूर्ण पाण्यात बुडवतात आणि विसरतात. कासवाला, पाणदिवड सापाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. आत अडकलं आणि वर हवा नसली की संपलं. म्हणून सापळ्याचा वरचा चौथा भाग पाण्याच्या वर राहिला पाहिजे, दोन खुंट्यांना बांधून टाका आणि पाणी वाढलं तरी सापळा तरंगत वर येईल एवढी दोरी ढिली ठेवा. तोंड चार बोटांपेक्षा मोठं नको. इंग्लंडात क्रेफिश म्हणून गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा, नांग्यांचा प्राणी धरतात, तिथं सापळ्याचं तोंड साडेनऊ सेंटिमीटरपेक्षा मोठं असलं तर पाणमांजर आत शिरू नये म्हणून वेगळी जाळी लावावी लागते आणि परवाना पण लागतो. आपल्याकडं कुणी मोजायला येत नाही, म्हणून आपणच मोजायचं. आपल्या ओढ्यांत पाणमांजर आहे, आणि त्याचं मुख्य खाणं खेकडा आणि मासा आहे. म्हणजे ते आपलंच काम करतंय.

बाजारात आता घडीची नायलॉनची छत्री जाळी येते, आठ-दहा तोंडांची. दुकानदार म्हणतो एका रात्रीत पोतं भरेल. भरतं, पण त्यात चढणीचे मासे, पिल्लं, साप, सगळंच भरतं. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यानं वर चढतात, त्या वेळी ओढ्याच्या आडवी जाळी लावली तर पुढच्या वर्षीचे मासे आत्ताच गेले. ओढ्यात आडवं काही लावू नका, सापळा बांधाच्या कडेला, खाचराच्या पाण्यात.

काय सोडायचं:

- पोटाखालची झडप रुंद गोल असलेली मादी, विशेषतः झडपेखाली अंडी किंवा पिल्लं चिकटलेली. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं अंड्यातनं थेट खेकडा होऊनच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतात. अशी मादी ओढ्याकडं, शेतापासून लांब सोडा. खायला नर घ्या, त्याची झडप अरुंद टोकदार असते.
- सड्यावरचे, कातळातले बारीक रंगीत खेकडे. ते भात खात नाहीत, त्यांना हातच लावू नका.
- कासव. मऊ पाठीचं पाणकासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधे आहे, घरी नेणं, विकणं दोन्ही गुन्हा. जखमी असलं तर वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा.
- पाणदिवड. बिनविषारी आहे पण चावतो, काठीनं सापळ्याचं तोंड उघडून बाजूला व्हा, तो जातो.
- राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत काहीच लावू नका.

परवा एका पोरानं विचारलं, ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो तो लाल क्रेफिश शेततळ्यात सोडला तर धंदा होईल का. अजिबात नको, भावा. क्रेफिश आपल्याकडचा नाही. अमेरिकेतला लाल क्रेफिश स्पेन-इटलीत नेला, तो भाताच्या बांधात बिळं करून बसलाय आणि आता निघत नाही. संगमरवरी रंगाच्या एका जातीत तर नर लागतच नाही, एकटी मादी पिल्लं घालते, मादागास्करमधे अशीच पसरलीय. आपला खेकडा निदान आपल्या बगळ्याला, पाणमांजराला माहीत आहे. शेततळ्यातनं पावसात पाणी वाहून ओढ्याला जातंच, एक जोडी सुटली की संपलं.

बाकीची कामं थोडक्यात, ही सगळ्यांना माहीतच आहेत:

- राहिलेल्या बियाण्याला मिठाचं पाणी: १० लिटरला ३०० ग्रॅम, वर तरंगलेलं काढून टाका, खालचं दोनदा स्वच्छ धुवा
- खत हेक्टरी १००:५०:५० नत्र-स्फुरद-पालाश, माती तपासली असेल तर त्याप्रमाणं
- चारसूत्री पद्धतीनं (जोड ओळीत) लावलं असेल तर चार चुडांच्या मधे एक युरिया-डीएपी ब्रिकेट (खताची दाबलेली गोळी), हातानं चिखलात खोल
- रोप मुळं धरेपर्यंत पाणी २-३ सेंटिमीटर, नंतर ५ पर्यंत
- गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडा, बांधावर त्याच्याच फांद्या लावा, मुळं बांध धरतात

पाणी २-३ सेंटिमीटर हे रोपानं मुळं धरायसाठी तर आहेच, पण उथळ पाण्यात खेकडा रोपापर्यंत कमी येतो आणि बिळाचं तोंड आपल्याला दिसतं. मी आता मुद्दाम पहिले दहा दिवस पाणी कमीच ठेवतो. त्यासाठी सांडवा नीट पाहिजे, आणि सांडवा नीट आहे का ते सकाळी जाऊनच कळतं. जाता येत नसेल तर वाटणी करा. आम्ही बांधाला बांध असलेले पाच जण आहोत, प्रत्येकानं पाळीपाळीनं एक दिवस सगळ्यांचे बांध बघायचे, बीळ दिसलं की फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि तिथल्या तिथं बुजवायचं. ज्याची ड्युटी आहे त्याला पण आठवड्यातले एक-दोन दिवस जमतात.

खेकडा खाताना पूर्ण शिजवून खा, अर्धाकच्चा निखाऱ्यावर नको, त्यातनं फुप्फुसाचे कृमी होतात. शेताशेजारी औषध मारलंय असं कळलं तर तिथला खेकडा खाऊच नका.

रोप फुटव्याला आलं, साधारण लावणीनंतर पंचवीस-तीस दिवसांनी, की खोड टणक होतं आणि कातरायचा त्रास कमी होतो. त्या दिवशी सापळे काढायचे. किती लावले ते पहिल्याच दिवशी घरातल्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. पाच लावले तर पाचच परत आले पाहिजेत. दोन वर्षांमागं श्रावणात मी ओढ्याकडंला गवत कापत होतो, विळा कशाला तरी अडकला. कामट्यांचा सापळा, वर गवत वाढलेलं, कुणाचा ते कळलं नाही. आत तळहाताएवढ्या कासवाची रिकामी पाठ आणि दोन खेकड्यांच्या नांग्या. त्या कासवानं आतून कामट्या खरडलेल्या, एका जागी चार-पाच ओरखडे पडलेले दिसत होते.