सांता फे : कला आणि डोंगर एकाच प्रवासात कसे पाहावेत

मुलगा किंवा मुलगी टेक्सास अथवा कोलोरॅडोत असल्यामुळे अमेरिकेला जाणारी नागपूरची पुष्कळ मंडळी न्यूयॉर्क, नायगारा आणि लास व्हेगास पाहून परततात. ज्यांना चित्रे, मातीची भांडी आणि डोंगरवाटा यांची ओढ आहे, त्यांनी चार-पाच दिवस काढून न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे अवश्य पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मात्र तिथला कार्यक्रम प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून न आखता शहराची उंची आणि दिवसाची वेळ पाहून आखावा.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, तर सांता फे २,१०० मीटरहून अधिक. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही (१,६४६ मीटर) हे शहर बरेच उंच वसलेले आहे. पहिल्या दोन दिवसांत धाप लागणे, डोके दुखणे, झोप नीट न लागणे हे प्रकार धडधाकट माणसालाही होतात. त्यामुळे हे दिवस सपाटीवर हिंडण्यासाठी राखावेत, पाणी वरचेवर प्यावे, आणि हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. जुलैत तिथे पारा साधारण तिशीच्या आसपास असतो आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या नागपूरकराला तो किरकोळ वाटतो. परंतु त्या उंचीवर ऊन त्वचेला फार लवकर भाजते. टोपी किंवा आपला नेहमीचा दुपट्टा सोबत असू द्यावा.

तिथे जाण्यासाठी अल्बुकर्कीच्या विमानतळावर उतरावे. तेथून सांता फे सुमारे शंभर किलोमीटर आहे. अल्बुकर्की शहरातून रेल रनर नावाची रेल्वेही जाते, पण डोंगरांत फिरायचे असेल तर मोटार भाड्याने घेणेच सोयीचे.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, म्हणून डोंगर सकाळी आणि संग्रहालये दुपारी, हा क्रम मोडू नये. शहरालगतच्या डेल बॉल वाटा सरावासाठी चांगल्या आहेत. अंगात बळ आल्यावर बँडेलियर या राष्ट्रीय स्मारकाला जावे. तेथे मऊ ज्वालामुखीय खडकात कोरलेल्या प्राचीन वस्तीच्या खोल्यांत लाकडी शिड्यांनी चढता येते. सप्टेंबरच्या अखेरीस गेल्यास पिवळीधमक झालेली अ‍ॅस्पेनची झाडे पाहायला मिळतात, आणि मला तरी तोच काळ सर्वांत उत्तम वाटतो.

दुपारी अमेरिकन चित्रकर्त्री जॉर्जिया ओकीफ यांच्या चित्रांचे, १९९७ मध्ये उघडलेले संग्रहालय पाहावे, मात्र त्याचे तिकीट आधीच काढावे. कॅन्यन रोडवरील कलादालने पायी फिरून पाहता येतात. खरे मन रमते ते १६१० च्या सुमारास बांधल्या गेलेल्या पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओसरीत. तेथे मूळनिवासी कारागीर दागिने आणि भांडी चादरीवर मांडून बसतात, आणि बसण्याच्या जागा रोज सकाळी चिठ्ठ्या काढून ठरतात. वस्तूवर कारागिराची खूण असते, ती पाहावी. वस्तू कोणी आणि कशी घडवली, हे आदराने विचारावे आणि घासाघीस करू नये. सान इल्डेफोन्सो या जवळच्या मूळनिवासी गावाची काळीभोर भांडी दिसली तर जरा थांबावे. तिथल्या कुंभारीण मारिया मार्टिनेझ यांनी जगभर पोहोचवलेल्या या पद्धतीत भांडे दगडाने घासून चकचकीत करतात आणि भाजताना आगीवर वाळलेल्या लिदीचा भुगा टाकून हवा कोंडतात, त्यामुळे लाल माती काळी पडते.

संध्याकाळी ऑपेरा पाहायचा असल्यास जुलै-ऑगस्ट निवडावा. ते नाट्यगृह बाजूंनी उघडे आहे आणि रात्री गारठा पडतो, म्हणून स्वेटर न्यावा. जेवताना लाल की हिरवी मिरची असे विचारतात. दोन्ही हव्या असल्यास ‘ख्रिसमस’ म्हणावे. शाकाहारी मंडळींनी घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

जवळच्या प्युब्लो गावांना, म्हणजे मूळनिवासींच्या वस्त्यांना, जायचे असेल तर गाव त्या दिवशी पाहुण्यांसाठी खुले आहे का, हे आधी विचारावे. छायाचित्रांविषयी प्रत्येक गावाचा नियम वेगळा असतो आणि नृत्याच्या वेळी ती बहुधा वर्ज्यच असतात. ते नृत्य म्हणजे त्यांची उपासना आहे, म्हणून संपल्यावर टाळ्या वाजवू नयेत.