दुर्मीळ आलिशान गाडी नव्याने उभी करायला घेताय? या चुका टाळा

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडून आधी विचारतो, "इंजिन चालू होतं का?" पहिली चूक इथेच होते. इंजिन बहुधा बांधून घेता येतं. फ्रान्सच्या फासेल वेगाच्या एचके ५०० मध्ये क्रायस्लरचं व्ही-८ इंजिन आहे, त्याचे पार्ट मिळतात. पण तिच्या काचेभोवतीची एक चकचकीत पट्टी हरवली, तर ती कारागिराकडून हाताने घडवून घ्यावी लागते. म्हणून गाडीवर काय *नाही*, त्याची यादी आधी करा. सुटी करून खोक्यांत भरलेली गाडी स्वस्त दिसते, पण कोणता तुकडा गहाळ आहे ते जोडायला बसल्यावरच कळतं. मी तरी अशी गाडी घेऊ नका असंच सांगेन.

दुसरी चूक गंज वरवर बघण्याची. १९६५ साली आलेल्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दारांखालचे सिल, म्हणजे बॉडीच्या कडेच्या पोलादी पट्ट्या, सडले की गाडीचा कणाच गेला. गंज झाकायला भरलेली पुट्टी शोधायला लोहचुंबक जरूर फिरवा. मात्र शॅडोची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचं आहे, तिथे तो चिकटणारच नाही. सिल आणि मडगार्ड तपासा, गालिचे उचला, गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच गाड्यांत पत्र्याआड लाकडी सांगाडा असतो. दार उघडल्यावर खाली झुकत असेल, तर दोष बिजागरीचाच असेल असं धरू नका. आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं.

सगळ्यात महागात पडते ती हायड्रॉलिक यंत्रणा. मर्सिडीज ६०० मध्ये खिडक्या आणि सीटसुद्धा तेलाच्या दाबावर हलतात. शॅडोचे ब्रेकही उच्च दाबाचे आहेत. इंजिन काही मिनिटं चालवून बंद करा, मग इग्निशन चालू ठेवून ब्रेकचं पेडल दाबत राहा. दोन-चार दाबांतच दाबाचा इशारा-दिवा लागला, तर अक्युम्युलेटर, म्हणजे दाब साठवून ठेवणारे गोळे, संपले असं समजा. शॅडोला आरआर ३६३ हे खास ब्रेक फ्लुइड लागतं, तर १९८० मध्ये आलेल्या सिल्व्हर स्पिरिटला खनिज तेल. एकीचं दुसरीत ओतलंत तर रबरी सील फुगून निकामी होतात आणि पूर्ण यंत्रणा उघडावी लागते. दिसायला सारख्या गाड्यांत ही चूक सहज होते, म्हणून टाकीवरचं लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडू नका.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि इंजिन आधी हाताने फिरवून बघा. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका.

पैसे देण्याआधी चासी आणि इंजिनाचे नंबर कागदांशी स्वतः जुळवा. आणि काम सुरू झाल्यावर एका वेळी एकच भाग खोला. प्रत्येक स्क्रूची पिशवी लिहून ठेवा, मूळ लाकूड आणि चामडं खराब दिसलं तरी टाकू नका. नवीन तुकड्याचा आकार, रंग आणि लाकडाची रेषा जुळवायला तोच एकमेव नमुना असतो.