अंगणातल्या पिण्याच्या नळाला कोणता पाइप?

विहिरीवरून किंवा टाकीवरून अंगणातल्या नळापर्यंत पिण्याचं पाणी न्यायचं असेल, तर शेतातला उरलेला ठिबकचा काळा पाइप जोडू नका. आम्ही एकदा जोडला होता. दुपारी बाराला नळ सोडला की आधी तांब्याभर गरम, प्लास्टिकचा वास मारणारं पाणी यायचं.

दुकानात एचडीपीई (टणक पॉलिथिनचा) पाइप मागा आणि त्यावरचा छापा वाचा: आयएसआय खूण, आयएस ४९८४ (भारतीय मानकाचा क्रमांक), पीई १०० (प्लास्टिकचा दर्जा), पीएन ६ किंवा १० (पाइप किती किलो दाब सोसतो ते). ४९८४ म्हणजे पाणीपुरवठ्याचा पाइप; १२७८६ दिसलं तर ती ठिबकची नळी. छापाच नसेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दाबाचा हिशोब सोपा: टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ किलो दाब, म्हणजे पीएन ६ भरपूर झाला. थेट मोटारीवर मात्र पीएन १० घ्या.

पांढरा-करडा पीव्हीसी उघड्यावर ठेवाल तर उन्हाने ठिसूळ होतो. गाडला तर चालतो. एचडीपीईसुद्धा दीड-दोन फूट खोल गाडा, पाणी गार राहतं. फक्त शोषखड्ड्यापासून लांबून न्या.